गोदूताईंचे बारा आणे

राजकारण म्हटलं की आपल्यापैकी बऱ्याच जणी पेपरचं ते पान उलटून पुढे जातात. कोण कुठल्या पक्षातून कुठे गेलं, कोणाचं सरकार पडलं, हे घरातल्या पुरुषांनी चहा पिता पिता बोलायचं. आपण तोवर कुकर लावायचा. मतदानाच्या दिवशी मात्र नेमानं जाऊन बोटाला शाई लावून यायची. झालं आपलं राजकारण! डावे, उजवे, उदारमतवादी, समाजवादी, साम्यवादी... हे शब्द तर शाळेतल्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकाबरोबर रद्दीत गेले.

पण मैत्रिणींनो, धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईला पगार किती द्यावा, तिचा खाडा कापावा की नाही, निंदणीला गेलेल्या बाईला पुरुषापेक्षा कमी मजुरी का, लग्नासाठी काढलेलं कर्ज कोणी आणि किती वर्षं फेडायचं, हे प्रश्न तर आपल्या रोजच्या ओळखीचे आहेत ना? या प्रश्नांचं उत्तर आपण ज्या पद्धतीनं शोधतो, तीच आपली विचारसरणी. नाव माहीत नसलं तरी ती प्रत्येकीकडे असतेच.

आज ज्यांची गोष्ट सांगायची आहे, त्यांनी अशा तीन विचारसरणी आतून पाहिल्या. प्रत्येकीत मन लावून काम केलं आणि शेवटी एका जागी ठाम उभ्या राहिल्या. ती जागा सगळ्यांनाच पटेल असं नाही. पण पुण्याच्या सुखवस्तू घरातली, वकिलीची पदवी घेतलेली एक मुलगी ठाण्याच्या जंगलात वारल्यांच्या झोपडीत जाऊन का राहिली, हे समजून घ्यायला तिच्या पक्षाचं सभासद व्हावं लागत नाही. त्यांचं नाव गोदावरी परुळेकर. त्यांच्या माणसांच्या त्या गोदूताई होत्या, आणि वारल्यांच्या तोंडी गोदाराणी.

गोखल्यांची मुलगी

गोदावरीबाईंचा जन्म १४ ऑगस्ट १९०७चा, पुण्याचा. माहेरचं आडनाव गोखले. वडील नावाजलेले वकील. घरात पुस्तकं होती, शिक्षणाची आवड होती, आणि मुलीनं शिकावं असं मानणारं मोकळं वातावरणही होतं. त्या काळी मुलगी चौदा-पंधरा वर्षांची झाली की बोहल्यावर चढायची. गोदावरी मात्र फर्ग्युसन कॉलेजात गेली, पदवी घेतली आणि त्यापुढे जाऊन कायद्याचंही शिक्षण पूर्ण केलं. महाराष्ट्रात कायद्याची पदवी मिळवणाऱ्या अगदी पहिल्यावहिल्या स्त्रियांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं.

काळा कोट घालून कोर्टात उभं राहायचं, नाव कमवायचं, असा सरळ रस्ता समोर होता. पण ते दिवस वेगळे होते. गांधीजींच्या हाकेनं घराघरातल्या बायका रस्त्यावर आल्या होत्या. ज्यांनी कधी उंबरठा ओलांडला नव्हता त्या मीठ विकत होत्या, परदेशी कापडाच्या दुकानांपुढे उभ्या राहत होत्या. १९३२च्या सुमारास गोदावरीबाईही सत्याग्रहात उतरल्या आणि तुरुंगात गेल्या.

मुलीला शिकवणं वेगळं आणि मुलगी तुरुंगात जाणं वेगळं! वडिलांना हे पसंत पडलं नाही. वकिलाच्या घरातली मुलगी कैदी म्हणून परत येते, हे त्या काळच्या प्रतिष्ठित माणसाला पचणं कठीणच होतं. बाप-लेकीत अंतर पडलं आणि गोदावरीबाई घर सोडून मुंबईला निघून गेल्या. शिकल्या-सवरलेल्या मुलीलाही घराच्या मर्जीबाहेर जाताना किती मोजावं लागतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

सेवेचा मार्ग

मुंबईत त्यांनी भारत सेवक समाजाचं काम सुरू केलं. ही संस्था नामदार गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात काढलेली. देशासाठी आयुष्य वाहून घेणारे, तुटपुंज्या मानधनावर राहणारे, अभ्यासू कार्यकर्ते तयार करायचे, हा तिचा उद्देश. तोवर तिथे सगळे पुरुषच होते. गोदावरीबाई या संस्थेच्या पहिल्या स्त्री आजीव सदस्य झाल्या.

या मंडळींचा विचार उदारमतवादी होता. सोप्या शब्दांत सांगायचं तर असा : समाज हळूहळू सुधारतो. लोकांना शिकवा, प्रश्नाचा अभ्यास करा, आकडे गोळा करा, सरकारपुढे मांडा, चांगला कायदा करून घ्या. आरडाओरडा न करता चिकाटीनं काम केलं तर फळ मिळतं. यात चूक काहीच नाही. आपल्या कितीतरी शाळा, वाचनालयं, महिला मंडळं याच विचारातून उभी राहिली आहेत.

गोदावरीबाईंनीही हेच केलं. १९३७-३८च्या काळात त्या मुंबईत प्रौढ साक्षरतेच्या मोहिमेत होत्या. मोठ्या माणसांना अक्षर ओळख करून द्यायची. पण शिकवता शिकवता त्यांना शिकणाऱ्यांचं जगणं दिसायला लागलं. दिवसभर राबून आलेली बाई रात्री पाटीवर अक्षर गिरवते खरी, पण उद्या सकाळी मालकीण तिला कामावरून काढू शकते. तिला सही करता आली म्हणून तिचा पगार वाढत नाही.

मग १९३८-३९च्या दरम्यान त्यांनी एक वेगळंच काम हाती घेतलं. मुंबईतल्या घरकामगारांची संघटना बांधायला घेतली. आज आपल्याला त्याचं फार वाटणार नाही, पण त्या वेळी गिरणी कामगारांची संघटना असते, गोदी कामगारांची असते, पण घरात काम करणाऱ्या गड्याची आणि मोलकरणीची संघटना? ही कल्पनाच नवीन होती. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला तो २००८ साली. म्हणजे गोदावरीबाईंच्या त्या धडपडीनंतर तब्बल सत्तर वर्षांनी.

इथे आपण जरा थांबू या. कारण या मोलकरणीच्या प्रश्नातच त्यांच्यासमोरचे तीन रस्ते लख्ख दिसतात. उदारमतवादी म्हणेल, हिला लिहायला-वाचायला शिकवा आणि हिच्यासाठी कायदा व्हावा म्हणून अर्ज करा. गांधीवादी म्हणेल, मालकिणीचं मन बदला. तिनं स्वतः भांडी घासून पाहावी, बाईला आपल्या पंगतीला बसवावं. साम्यवादी म्हणेल, गल्लीतल्या सगळ्या मोलकरणींना एकत्र बसवा, त्यांनी मिळून दर ठरवावा, आणि तो मिळेपर्यंत कोणी कामाला जाऊ नये.

पहिल्या दोन रस्त्यांवर मालकीण खूश असते. तिसऱ्यावर तिचं धुणं पडून राहतं! म्हणूनच तिसरा रस्ता आपल्यासारख्यांना अडचणीचा वाटतो. गोदावरीबाईंनी तोच धरला.

जोडीदार आणि पक्ष

भारत सेवक समाजातच त्यांची गाठ शामराव परुळेकरांशी पडली. शामरावही कामगारांत, शेतकऱ्यांत काम करणारे, अभ्यासू. दोघांचे विचार एकाच दिशेनं चालले होते. १९३९ साली दोघांनी लग्न केलं आणि त्याच वर्षी दोघंही कम्युनिस्ट पक्षात गेले. भारत सेवक समाज सुटला. ज्या संस्थेनं त्यांना पहिली स्त्री सदस्य म्हणून मान दिला, तिच्यापासून दूर होणं सोपं नसणार. पण त्या मागे फिरल्या नाहीत.

नव्या संसाराची सुरुवात कशी झाली? तुरुंगानं! दुसरं महायुद्ध सुरू झालं होतं. ब्रिटिशांच्या या युद्धाला हिंदुस्थानानं मदत करू नये, असा प्रचार केल्याबद्दल १९४० साली त्यांना अटक झाली. १९४२पर्यंत त्या आत होत्या.

याच काळात पक्षानं एक असा निर्णय घेतला, ज्याचं ओझं त्याला पुढे कायम वाहावं लागलं. १९४१ साली जर्मनीनं सोव्हिएत रशियावर हल्ला केला. तोवर साम्राज्यवाद्यांचं म्हणून नावं ठेवलेलं युद्ध पक्षाच्या लेखी लोकांचं युद्ध झालं आणि १९४२च्या चले जाव चळवळीपासून पक्ष बाजूला राहिला. गावोगावची तरुण मुलं तुरुंगात जात असताना कम्युनिस्ट बाहेर होते, हे लोक विसरले नाहीत. पक्ष म्हटला की त्याचे चांगले निर्णयही आपले आणि चुकलेलेही आपले. गोदावरीबाईंच्या वाट्यालाही ते आलंच.

उंबरगावच्या वाटेवर

जानेवारी १९४५मध्ये कल्याणजवळच्या टिटवाळ्याला महाराष्ट्रातल्या किसान सभेची परिषद भरली. शेतकऱ्यांच्या या मेळाव्याला त्या वेळच्या उंबरगाव तालुक्यातून काही वारलीही आले होते. त्यांत माह्या धांगडा होते. तिथे या माणसांनी आपल्या भागातली परिस्थिती सांगितली आणि आमच्याकडे या, असा आग्रह धरला.

हा भाग म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातला तलासरी-डहाणूचा पट्टा आणि त्याला लागून असलेला गुजरातचा उंबरगाव. तेव्हा सगळाच ठाणे जिल्ह्यात होता. मुंबईपासून रेल्वेनं काही तासांवर. पण तिथलं जग मुंबईच्या माणसाला ठाऊकच नव्हतं.

वारली मूळचे या जमिनीचे मालक. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की सावकाराकडून खावटी घ्यायची, सुगीला ती वाढीव मापानं परत करायची. लिहिता-वाचता येत नसल्यामुळे वहीत काय आहे ते सावकारालाच माहीत. अशा रीतीनं वर्षं उलटली आणि जमिनी जमीनदारांच्या नावावर गेल्या. जो मालक होता तो त्याच जमिनीवर कूळ झाला. आणि कूळ झाला की वेठ आली. जमीनदाराची शेतं आधी लावून द्यायची, त्याचं गवत कापायचं, लाकडं फोडायची, ओझी वाहायची. मोबदला? कुठे थोडंसं भरड धान्य, कुठे तेही नाही. नाही म्हटलं तर झाडाला बांधून मार.

यातला सगळ्यात वाईट प्रकार होता लग्नगडी. वारल्यांत मुलीकडच्यांना देज द्यावं लागे, गावाला जेवण, ताडी असा खर्च असे. त्यासाठी तरुण मुलगा जमीनदाराकडून थोडे रुपये उसने घ्यायचा. ते फिटेपर्यंत त्याच्याकडे राबायचं. पण ते फिटतच नसत! लग्न करून आणलेली बायकोही त्याच घरची गडी व्हायची. शेण काढायचं, भात कांडायचं, पाणी भरायचं. पुढे मुलंही त्याच गोठ्यात कामाला. आणि त्या बाईच्या शरीरावरही जमीनदार आपला हक्क समजायचा. नवऱ्यानं खाली मान घालून बाजूला व्हायचं. ज्या लग्नासाठी कर्ज काढलं, ते लग्नही त्या दोघांचं राहत नसे.

सरकारला हे माहीत नव्हतं का? होतं. सिमिंग्टन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं मुंबई इलाख्यातल्या आदिवासींची पाहणी केली होती आणि १९३९ साली त्याचा अहवाल छापूनही आला होता. त्यात हे सगळं होतं. बाळासाहेब खेरांसारख्या सज्जन काँग्रेस नेत्यांनी १९४०मध्ये ठाणे जिल्ह्यात आदिवासी सेवा मंडळाचं काम सुरू केलं होतं. तळमळीची माणसं होती ती. पण अहवाल कपाटात राहिला आणि लग्नगडी गोठ्यातच राहिला.

झरीचं पहिलं नाही

गोदावरीबाई आणि शामराव या भागात गेले. मैलोन् मैल पायी फिरायचं, वारल्यांच्या झोपडीत झोपायचं, ते खातील ते खायचं. पांढरपेशा माणूस दिसला की जंगलात पळून जाणारी ही माणसं. पांढरे कपडे म्हणजे सावकार, नाहीतर जंगल खात्याचा शिपाई, नाहीतर पोलीस. त्यात ही तर बाई! पण बाई असल्यामुळेच चुलीपर्यंत जाता आलं असेल. वारली बायकांनी जे पुरुष कार्यकर्त्याला कधी सांगितलं नसतं ते तिच्यापाशी बोलता आलं असेल.

२३ मे १९४५ रोजी झरी या गावी वारल्यांची परिषद भरली. पाच हजारांच्या आसपास माणसं आली. त्या रानात एवढी माणसं स्वतःच्या मर्जीनं पहिल्यांदाच एका जागी जमली होती. तिथे ठरलं ते अगदी साधं होतं. जमीनदाराच्या शेतावर काम करायचं तर दिवसाला १२ आणे रोख मजुरी घ्यायची. वेठ करायची नाही. कोणी मारायला आलं तर मुकाट मार खायचा नाही. आणि सगळ्यांनी एकजुटीनं राहायचं.

१२ आणे म्हणजे पाऊण रुपया. आज हसू येईल असा आकडा. पण ज्या माणसाच्या कष्टाला आजवर किंमतच नव्हती, त्याच्या कष्टाला त्यानं स्वतः लावलेली ती पहिली किंमत होती. कुठल्याही साहेबानं दिलेली नाही, कुठल्या कायद्यात लिहिलेली नाही.

त्यानंतरच्या काही आठवड्यांत जे झालं ते विलक्षण होतं. वारली घोळक्यांनी गावोगाव निघाले. जमीनदारांच्या वाड्यांवर गेले आणि लग्नगड्यांना सांगितलं, चला बाहेर. बायका-मुलांसह माणसं बाहेर पडली. पिढ्यान् पिढ्या चालत आलेली वेठ या भागात मोडली. देशात वेठबिगार रद्द करणारा कायदा झाला तो १९७६ साली, म्हणजे आणखी ३० वर्षांनी.

गवताचा संप

वेठ मोडली, आता मजुरीचा प्रश्न आला. या भागात गवताचा मोठा व्यापार. मुंबईच्या तबेल्यांतल्या म्हशींना लागणारं गवत इथून जायचं. पावसाळा संपला की ते ठरावीक दिवसांत कापावं लागतं. वेळ गेली की वाया. म्हणजे वर्षातले हे थोडे दिवस असे, की जमीनदाराला मजुराची गरज असते. वारल्यांनी मागणी केली, ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये. नाहीतर विळा हातात घेणार नाही.

जमीनदार चिडले. १० ऑक्टोबर १९४५चा तो दिवस. गोदाराणी तलवाड्याला येणार, तिच्या जिवाला धोका आहे, अशी खोटी बातमी गावोगाव पसरवली गेली. आपल्या बाईला वाचवायला हजारो वारली काठ्या घेऊन धावत आले. गोदावरीबाई तिथे नव्हत्याच! इकडे पोलिसांना कळवलं गेलं, की आदिवासी हल्ला करायला जमलेत. पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण ठार झाले. लोक तरीही पांगेनात. बाई दिसल्याशिवाय हलायचं नाही, म्हणून माणसं गोळ्या झेलत रात्रभर तिथेच थांबून राहिली.

एखाद्या बाईच्या आयुष्यात यापेक्षा जड ओझं कुठलं असेल? आपल्यासाठी म्हणून माणसं आली आणि मेली. इथे एखादी खचून गेली असती. पण वारली माघारी फिरले नाहीत आणि त्याही नाहीत. त्यांना जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आलं, पुढाऱ्यांची धरपकड झाली, तरी संप टिकला आणि गवताचा दर वाढवून मिळाला.

आपलं सरकार आलं, पण...

आतापर्यंत राज्य इंग्रजांचं होतं. १९४६मध्ये मुंबई इलाख्यात निवडून आलेलं काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं. मुख्यमंत्री कोण? तेच बाळासाहेब खेर, आदिवासी सेवा मंडळाचे. गृहमंत्री मोरारजी देसाई. आता तरी दिवस पालटतील असं कोणालाही वाटलं असतं.

पण त्याच वर्षी जंगलतोडीच्या मजुरीसाठी पुन्हा संप झाला, तेव्हा पुन्हा हद्दपारी, पुन्हा अटका. वर्षाच्या अखेरीस लाकूड व्यापाऱ्यांना दिवसाला सव्वा रुपया मजुरी मान्य करावी लागली. तरी जानेवारी १९४७मध्ये पालघर तालुक्यातल्या नानिवलीला परत गोळीबार झाला आणि परत वारली मारले गेले.

खेर काही दुष्ट नव्हते. आदिवासींविषयी त्यांना खरी कळकळ होती. मग असं का झालं? सेवा करताना देणारा वर असतो आणि घेणारा खाली. घेणारा कृतज्ञ असतो, म्हणून सगळं गोड चालतं. तोच घेणारा उठून हक्कानं मागायला लागला, की भल्या माणसालाही ती दंगल वाटू लागते. शिवाय सरकार म्हटलं की शांतता राखायची जबाबदारी आली, आणि शांतता बिघडल्याची तक्रार करायला जमीनदार आधी पोचतो; वारल्याला ते दार ठाऊकच नसतं. खेरांच्या बाजूनं असंही म्हणता येईल, की नव्या सरकारला घडी बसवायची होती, हिंसेची भीती होती आणि कम्युनिस्टांवर विश्वास नव्हता. हे सगळं खरं धरलं तरी गोळी लागली ती वारल्यालाच.

राज्यकर्ते बदलले म्हणजे राज्य बदललं असं नसतं, हा धडा गोदावरीबाईंनी स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरच घेतला.

आठ वर्षं गजाआड

स्वातंत्र्यानंतरही त्यांचं आयुष्य निवांत झालं नाही. १९४८मध्ये पक्षानं नव्या सरकारविरुद्ध उठावाची भाषा सुरू केली, सरकारनं कम्युनिस्टांची धरपकड केली आणि अनेकांना भूमिगत व्हावं लागलं. काही वर्षांत पक्षानंच तो मार्ग सोडला आणि निवडणुकांचा रस्ता धरला. १९५७मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत शामराव ठाण्यातून लोकसभेवर निवडून गेले. ज्या संसदेला पक्षानं आधी नावं ठेवली होती, तिथेच वारल्यांचा आवाज पोचला.

१९६२मध्ये चीनशी युद्ध झालं आणि कम्युनिस्टांवर पुन्हा संशयाची सावली पडली. १९६४मध्ये पक्ष फुटला. परुळेकर दांपत्य मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षात राहिलं. या काळात दोघांच्याही वाट्याला स्थानबद्धता आली. स्थानबद्धता म्हणजे गुन्हा सिद्ध झाला म्हणून शिक्षा नव्हे, तर तुम्ही काही कराल या संशयावरून आत ठेवणं. इंग्रजांनी वापरलेलं हे हत्यार स्वतंत्र भारताच्या लोकशाही सरकारनंही खाली ठेवलं नाही. याच बंदिवासात, ऑगस्ट १९६५मध्ये शामरावांचं निधन झालं. सव्वीस वर्षांची साथ, तीही गजाआड संपली.

गोदावरीबाईंच्या आयुष्यातली एकूण आठ वर्षं तुरुंगात गेली. त्यावर त्यांनी ‘बंदिवासाची आठ वर्षे’ हे पुस्तक लिहिलं. पण त्यांचं नाव घरोघर पोचवलं ते १९७०मध्ये आलेल्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकानं. वारल्यांच्या उठावाची ही हकिकत. १९७२चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला, इतर भाषांत तिची भाषांतरं झाली. गंमत बघा, ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांच्यावरचं हे पुस्तक पुढे पदवीच्या मुलांनी अभ्यासलं.

शामराव असतानाच, १९६१मध्ये, आदिवासी प्रगती मंडळ स्थापन झालं होतं. आदिवासी मुलांच्या शिक्षणाचं ते काम पुढे वाढत गेलं. म्हणजे मुंबईत साक्षरतेचे वर्ग घेणारी गोदावरी संपली नव्हती! फक्त आता तिला हे कळलं होतं, की पाटी आणि मजुरी दोन्ही एकदम हातात यायला हव्यात. आज तलासरीचं महाविद्यालय त्यांच्याच नावानं चालतं.

१९८६ साली अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली. त्या जागी बसणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. तेव्हा त्यांचं वय ऐंशीच्या जवळ पोचलं होतं. जिनं चार दशकं शेतकऱ्यांत काढली तिला ही खुर्ची एवढ्या उशिरा का मिळावी? समतेची भाषा बोलणाऱ्या पक्षांतही बाईचा नंबर मागेच लागतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

वजाबाकी आणि बेरीज

८ ऑक्टोबर १९९६ रोजी गोदावरीबाई गेल्या. त्याआधी पाच वर्षं, १९९१मध्ये, ज्या सोव्हिएत रशियाकडे त्यांच्या पिढीनं आशेनं पाहिलं तो देशच मोडला होता. साम्यवादाच्या नावानं चाललेल्या अनेक राज्यांत विरोध करणाऱ्यांना तुरुंगात टाकलं गेलं, लोकांची तोंडं बंद केली गेली, हे आता सगळ्या जगाला माहीत आहे. वेगळं बोलल्याबद्दल ज्या बाईनं स्वतः आठ वर्षं तुरुंग भोगला, तिच्या विचाराच्या नावावर दुसरीकडे तेच व्हावं, हा या गोष्टीतला सल आहे. तो विसरून त्यांना देवीच्या मखरात बसवायचं कारण नाही.

त्यांच्या भागातही सगळं सुरळीत झालं असं नाही. कुळकायदे आले, पण जंगलाच्या जमिनीचा प्रश्न राहिला. १९७८मध्ये डहाणूत कष्टकरी संघटना उभी राहिली ती आदिवासींचे प्रश्न शिल्लक होते म्हणूनच. जंगलजमिनीवरचा हक्क मान्य करणारा कायदा यायला २००६ उजाडलं, आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी मार्च २०१८मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत माणसांना पायी चालत यावं लागलं. किसान सभेच्या त्या मोर्चातल्या बायकांचे फोड आलेले, भेगाळलेले पाय आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले आहेत. त्यांत ठाणे-पालघरच्याही बायका होत्या. गोदाराणीबरोबर चाललेल्या आज्यांच्या नाती म्हणायला हरकत नाही.

मग गोदूताईंच्या आयुष्यातून आपण काय घ्यायचं? प्रत्येकीनं लाल झेंडा घ्यावा असं नाही. तुमचा पक्ष कुठलाही असो. पण पुढच्या वेळी कोणी मत मागायला दारात आलं, की एवढं जरूर पाहा. हा माणूस आपल्याला काही देणार म्हणतोय, की आपल्याला मागण्याची ताकद यावी म्हणून काही करणार म्हणतोय? साडी, भांडी, हळदीकुंकवाचं वाण हे देणं झालं. ते संपलं की आपण पुन्हा खालीच. मजुरीचा दर, शिधापत्रिकेवरचं धान्य, सातबाऱ्यावर बाईचं नाव, ग्रामसभेत उभं राहून विचारलेला प्रश्न, हे मागणं झालं. ते एकदा अंगात भिनलं की कोणाला काढून घेता येत नाही.

आणि हो, मागणी फक्त वरच्याकडे करायची नसते. आपल्याकडेही कोणीतरी मागणारं असतं. उद्या आपल्या गल्लीतल्या चार कामवाल्या एकत्र येऊन पगार वाढवून मागायला लागल्या, तर आपल्याला प्रथम राग येईल. फार शेफारल्या, असं मनात येईल. तलवाड्याच्या जमीनदारालाही तेच वाटलं होतं. त्या क्षणी आपण काय बोलतो, त्यावर आपली विचारसरणी कुठली ते ठरेल. पेपरातल्या राजकारणाचं पान उलटून गेलो तरी त्या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं, दर महिन्याच्या एक तारखेला, स्वयंपाकघराच्या दारात.